साचा, नग आणि जाती : अंबरनाथच्या देवळापासून गो भाषेतल्या टाइप स्विचपर्यंत



आजचा विषय फलकावर वाचून दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांनी मला दारातच गाठलं. "सर, तुम्ही आयुष्यभर न्याय-वैशेषिक शिकवलंत, मध्येच ही गो भाषा आणि टाइप स्विच कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी कारण सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

आमच्या शेजारी एक वहिनी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. यजमान गेल्यापासून कुटुंब निवृत्तिवेतनावर घर चालतं. नोव्हेंबरात त्यांनी हयातीचा दाखला दिला आणि पोचपावती देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवली. तरी जानेवारीत पैसे जमा झाले नाहीत. चौकशी केली तेव्हा खिडकीतून उत्तर आलं, की यादीत तुमच्या दाखल्याच्या तारखेचा रकाना रिकामा आहे. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, मी त्यांच्यासमोर उभी होते, आणि ते संगणकात बघून सांगत होते की मी आहे याला पुरावा नाही." असे दोन महिने गेले. औषधं उधारीवर आणावी लागली.

योगायोग असा, की ती यादी तयार करणारा प्रोग्रॅम माझा पुतण्या जिथे नोकरी करतो तिथेच लिहिला गेला होता. त्याने चूक शोधली, आणि एका रविवारी माझ्यासमोर कागदावर काढून दाखवली. ऐकता ऐकता मला वाटलं, अरे, हे भांडण तर माझ्या ओळखीचं आहे. हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले.

ती चूक नेमकी काय होती ते जरा थांबून सांगतो. त्याआधी आपण आपल्या गावच्या देवळात जाऊन येऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल.

अंबरनाथचं शिवमंदिर आपण लहानपणापासून पाहतो. उत्तरेच्या दारावरच्या तुळईला आतल्या बाजूने शिलालेख आहे. त्यात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काळ येतो आणि शिलाहार राजा मांवाणी, ज्याला इतिहासकार मुम्मुणी म्हणतात, त्याचं नाव येतं. मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की वर आभाळ दिसतं, कारण शिखर आज पूर्ण नाही. पण जेवढं शिल्लक आहे तेवढ्यावरून जाणकार एका नजरेत सांगतात, की हे भूमिज देऊळ.

भूमिज म्हणजे काय? शिखराच्या चारही बाजूंनी मधोमध एक एक उभी पट्टी वर जाते. त्या पट्ट्यांच्या मधल्या भागांत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात. ही प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक भूमी, एक मजला. धारच्या भोज राजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथाच्या पासष्टाव्या अध्यायात भूमिज प्रासादांचे १६ प्रकार येतात : चौरस तलविन्यासाचे ४, वर्तुळावर आधारलेले ७ आणि अष्टशाल ५.

आता लक्षात घ्या, 'भूमिज' असं नुसतं देऊळ कुणालाही बांधता येत नाही. स्थपती राजाकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, भूमिज बांधतो," तर लगेच पुढचा प्रश्न येणार. तलविन्यास कोणता? भूमी किती? या जागा भरल्याशिवाय पहिला दगडही बसत नाही. भूमिज हा एक साचा आहे आणि त्यात रिकाम्या जागा आहेत. त्या भरल्या की एक नग तयार होतो. अंबरनाथ हा एक नग. सिन्नरचं गोंदेश्वर दुसरा. मालेगावजवळच्या झोडग्याचं माणकेश्वर तिसरा. तिकडे विदिशेजवळ उदयपूरला परमार राजा उदयादित्याचं उदयेश्वर, जे १०८० मध्ये पूर्ण झालं, ते चौथा. या औद्योगिक पट्ट्यात साचा आणि नग यांतला फरक मी समजावून सांगायची गरज नाही. तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी तो हाताने अनुभवला असेल.

मग तत्त्वज्ञानाचा प्रश्न असा : अंबरनाथ आणि गोंदेश्वर ही दोन देवळं खरी, दगडाची, डोक्याला लागतील अशी. पण 'भूमिजत्व' नावाचं काही खरोखर आहे का, की ते फक्त आपल्या बोलण्यात आहे?

नैयायिक म्हणाले, आहे. अनेक गाईंमध्ये एकच गोत्व राहतं, त्याला त्यांनी जाती किंवा सामान्य म्हटलं. इथे जाती म्हणजे समाजातली जात नव्हे, वस्तूंचा वर्ग इतकाच अर्थ घ्या. न्यायसूत्रांत शब्दाच्या अर्थाची चर्चा करताना तीन गोष्टी एकत्र घेतल्या आहेत : व्यक्ती म्हणजे हा समोरचा एक पदार्थ, आकृती म्हणजे त्याची घडण, आणि जाती म्हणजे त्याचा वर्ग. बौद्ध तर्कशास्त्री म्हणाले, जाती नावाचं काही नाही. खरं काय ते एकटं, स्वतःसारखं स्वतःच असं स्वलक्षण. 'गाय' म्हणताना आपण फक्त 'गाय नसलेलं' बाजूला सारतो. दिङ्नागाने मांडलेला हाच तो अपोहवाद. आपलं देऊळ उभं राहिलं त्या अकराव्या शतकात विक्रमशिला विहारात रत्नकीर्ती 'अपोहसिद्धि' लिहून हीच बाजू लढवत होता, आणि त्याच्या थोडं आधी मिथिलेचा उदयन 'आत्मतत्त्वविवेक' लिहून बौद्ध मतांचं खंडन करून गेला होता. आपलं कोकण या दोन्ही परंपरा पाहत होतं. शिलाहारांच्या राजवटीतले शिलालेख कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतही आहेत आणि इथे शंकराच्या देवळातही.

हा वाद मिटला नाही. तो आपल्याकडे ग्रंथांत बंद झाला आणि विसाव्या शतकात संगणकाच्या भाषा रचणाऱ्यांसमोर वेगळ्या वेषात पुन्हा उभा राहिला. त्या लोकांनी उदयन वाचला होता असं मी म्हणत नाही. प्रश्न तोच होता, एवढंच माझं म्हणणं.

या नव्या प्रवासाचे मोजके टप्पे सांगतो.

१९६७ मध्ये ऑस्लोत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नायगार्ड यांनी सिम्युला ६७ ही भाषा रचली. तिच्यात एक सोय होती. समोर आलेली वस्तू तपास, ती अमुक वर्गाची असेल तर हे कर, तमुक वर्गाची असेल तर ते कर, यांपैकी काहीच नसेल तर शेवटचं कर. आजच्या टाइप स्विचचा हा आजोबा. त्याच वर्षी क्रिस्टोफर स्ट्रेची या इंग्रज संशोधकाने कोपनहेगनमधल्या व्याख्यानांत दुसरी कल्पना मांडली. यादी उलटी करायची असेल तर यादीत आकडे आहेत की नावं, याने काय फरक पडतो? एकच कृती, प्रकाराची जागा रिकामी ठेवून, सगळ्यांसाठी लिहिता यावी. ही साच्याची कल्पना. सत्तरच्या दशकात बार्बरा लिस्कॉव्ह यांच्या क्लू भाषेत आणि रॉबिन मिल्नर यांच्या एमएल भाषेत ती उतरली, आणि १९८३ च्या एडा भाषेत तिला 'जेनेरिक' हे नाव अधिकृतपणे मिळालं.

म्हणजे एकीकडे 'समोर आलेलं काय आहे ते ओळख' ही सोय, आणि दुसरीकडे 'रिकाम्या जागेचा साचा'. दोन्ही एकाच भाषेत आल्या की प्रश्न उभा राहतो : समोर आलेली वस्तू या साच्यातली आहे का, एवढंच मला विचारता येईल का? आत कोणता माल भरला आहे ते न विचारता?

याला तीन भाषांनी तीन उत्तरं दिली, आणि माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा हाच आहे.

जावाने २००४ मध्ये साचे आणले. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून त्यांनी असं ठरवलं, की प्रोग्रॅम चालू असताना आतल्या मालाची खूण पुसून टाकायची. त्यामुळे जावात 'ही यादी आहे का?' असं विचारलं तर उत्तर मिळतं. पण 'ही आकड्यांची यादी की नावांची?' हे तेव्हा कळत नाही. घराणं आठवतं, माणूस विसरतो.

सी शार्पने २००५ मध्ये दोन्ही लक्षात ठेवलं. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या अँड्र्यू केनेडी आणि डॉन साइम यांनी त्यासाठी भाषेच्या खालची यंत्रणाच बदलून घेतली. तिथेही स्विचच्या ओळीत नुसता साचा लिहिता येत नाही. पण वस्तूला वेगळ्या वाटेने 'तुझा मूळ साचा कोणता?' असं विचारता येतं.

आणि तिसरी गो. रॉबर्ट ग्रीझमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी २००७ मध्ये तिची आखणी सुरू केली, २००९ च्या नोव्हेंबरात ती जगापुढे आली, आणि तेव्हा तिच्यात साचे नव्हतेच. टाइप स्विच मात्र होता. साचे यायला मार्च २०२२ उजाडलं, आवृत्ती १.१८. मधल्या काळात इयन लान्स टेलर आणि ग्रीझमर यांनी आराखडे केले, मोडले आणि पुन्हा केले. शेवटी जे आलं त्यात नियम असा आहे : साचा हा स्वतः टाइप नाही. रिकाम्या जागा भरल्या की टाइप होतो. आकड्यांची पेटी हा एक टाइप, नावांची पेटी हा दुसरा, आणि टाइप स्विचच्या दृष्टीने या दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. नग स्वतःचं पूर्ण नाव सांगतो. त्याला 'तू कोणत्या साच्यातला?' असं मात्र विचारता येत नाही. जावाच्या नेमकं उलट.

माझ्या भाषेत सांगायचं तर लिहिताना गो नैयायिक आहे आणि चालताना बौद्ध. लिहिताना 'पेटी' ही जाती तुम्ही निर्धास्त वापरता. प्रोग्रॅम चालू झाला की उरतात ती फक्त स्वलक्षणं. आणि गंमत म्हणजे न्यायसूत्रातली तिसरी गोष्ट, आकृती, तीही तिथे आहे. गोचा कंपायलर प्रत्येक नगासाठी वेगळं यंत्रभाषेतलं लेखन करत बसत नाही. ज्यांची स्मृतीतली घडण सारखी, त्यांना एका आकृतीत टाकून एकच लेखन वाटून देतो, आणि कोणता नग कोण हे ओळखायला सोबत एक तक्ता ठेवतो. ही माहिती पुतण्याने दिली तेव्हा मी त्याला पुन्हा चहा पाजला.

तुम्ही विचाराल, गोच्या लोकांनी हे का नाही करून टाकलं? 'कोणतीही पेटी' अशी ओळ लिहू द्यायला काय हरकत होती? हरकत आहे. समजा ती ओळ जुळली. आता त्या ओळीखाली तुम्ही पेटी उघडणार. आतून जे निघेल त्याचा टाइप काय? गोमध्ये प्रत्येक गोष्टीचा टाइप चालण्याआधी ठरलेला हवा, आणि इथे तो माहीतच नाही. जावा अशा वेळी म्हणते, 'काहीतरी निघालं.' 'काहीतरी एकच ठरावीक, पण कोणतं ते अज्ञात' असं म्हणायला लागणारी भाषासामग्री गोने घेतलेली नाही. तेव्हा हा नकार हट्टापायी आलेला नाही. त्यामागे विचार आहे.

आता वहिनींकडे परत येऊ. नोंदवहीतली एखादी नोंद रिकामी असू शकते, म्हणून ती पेटीत ठेवतात : पेटीत काही आहे, किंवा नाही. अशी तयार जेनेरिक पेटी गोच्या स्वतःच्या ग्रंथालयात फेब्रुवारी २०२४ च्या १.२२ आवृत्तीत आली. यादी छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाइप स्विच होता. आकड्याची पेटी आली तर असं छाप, नावाची आली तर तसं, रकमेची आली तर तसं. आणि शेवटी डीफॉल्ट, म्हणजे यांपैकी काहीच नसेल तर : रकाना रिकामा सोड. पुढे कुणीतरी दाखल्याची तारीखही त्याच पेटीत ठेवायला सुरुवात केली. तारखेची पेटी ही पेटीच होती. पण स्विचच्या यादीत तिचं नाव नव्हतं. कंपायलर काही बोलला नाही, प्रोग्रॅम थांबला नाही. तारीख पेटीत होती, आणि पेटी कुणी उघडलीच नाही.

पहिल्या वर्षाच्या वर्गात आम्ही लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष शिकवतो. गाय म्हणजे तांबूस रंगाची, असं म्हटलं तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेली, म्हटलं तर म्हैसही आत येते. ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकसंध खुराची, म्हटलं तर एकही गाय सापडत नाही. हा असंभव. पुतण्याने चूक सुधारताना काय काय करून पाहिलं ते ऐका. तिन्ही दोष भेटतात.

मुळातली चूक अव्याप्तीची. माहीत असलेल्या नगांची यादी केली, नवा नग बाहेर राहिला.

मग त्याने 'पेटी' एवढंच लिहून पाहिलं. कंपायलरने ते घेतलंच नाही, जागा भर म्हणाला. मग त्याने 'कोणत्याही वस्तूची पेटी' असं लिहिलं. गोमध्ये 'कोणतीही' हाही एक टाइपच आहे, त्यामुळे ते चाललं, पण एकही पेटी जुळेना. कारण त्याचा अर्थ 'कोणत्याही प्रकारची पेटी' असा होत नाही. ज्या पेटीवर 'कोणतीही' हीच चिठ्ठी लावली आहे, नेमकी तीच पेटी, असा होतो. आणि तशी पेटी त्या प्रोग्रॅममध्ये कुणी बनवलीच नव्हती. हा असंभव. नवशिके इथे हटकून घसरतात, असं तो म्हणाला.

शेवटी त्याने प्रश्नच बदलला. नाव विचारायचं सोडून 'तुला काय करता येतं?' असं विचारलं. ग्रंथालयातल्या त्या पेटीला, आत काहीही असो, 'तुझ्यातलं मूल्य दे' असं सांगता येतं. ती मेथड साच्यातच लिहिलेली आहे, म्हणून प्रत्येक नगात आपोआप येते. गोमध्ये अशा क्षमतेला इंटरफेस म्हणतात, आणि टाइप स्विचच्या ओळीत इंटरफेस लिहिता येतो. ही एक ओळ लिहिली की आकड्याची, नावाची, तारखेची आणि उद्या येणारी कसलीही पेटी जुळते. तिच्याकडून मूल्य मागायचं. काही नसेल तरच रकाना रिकामा. असेल तर बाहेर आलेल्या मूल्याचा टाइप पुन्हा साध्या स्विचने ओळखायचा.

यात अतिव्याप्तीचा धोका आहे. 'मूल्य दे' ही मेथड ज्याच्याकडे असेल तो प्रत्येक टाइप आत येईल, तो पेटी असो वा नसो. गोमध्ये इंटरफेससाठी आधी नाव नोंदवावं लागत नाही, काम जमलं की झालं. शिवाय ओळी वरून खाली तपासल्या जातात आणि पहिली जुळेल ती चालते, म्हणून ही ढगळ ओळ आधी आणि नेमक्या ओळी नंतर लिहिल्या तर नेमक्या ओळींना पाळीच येत नाही. पेटी आपली स्वतःची असेल तर तिच्या साच्यात बाहेरच्यांना न दिसणारी एक खुणेची मेथड ठेवता येते, म्हणजे परका नग चुकून आत येत नाही. पण ग्रंथालयाच्या पेटीत आपल्याला भर घालता येत नाही. तिथे अतिव्याप्ती पत्करावी लागते आणि तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

आणि दुसरी सुधारणा, जी मला जास्त महत्त्वाची वाटते : डीफॉल्टमध्ये आता रिकामा रकाना छापत नाहीत. 'ओळखू न आलेला टाइप' असं सांगून प्रोग्रॅम थांबतो आणि माणसाला बोलावतो. ओळखलं नाही आणि नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्याकडे अनुपलब्धीची, म्हणजे न दिसण्यावरून नसणं सिद्ध होतं का याची, चर्चा झाली ती याचसाठी. दिसण्यासारखी वस्तू, दिसेल अशा ठिकाणी, नीट पाहूनही दिसली नाही, तरच ती नाही म्हणावं. इथे तर पाहिलंच नव्हतं.

मी पुतण्याला विचारलं, "यात दोष भाषेचा का?" तो म्हणाला, "नाही काका. भाषेने सांगितलं होतं की मी घराणं ओळखत नाही. आम्हीच गृहीत धरलं की आम्हाला सगळे माहीत आहेत." त्याचं हे उत्तर मला पटलं. जाती खरी मानणाऱ्यांचा आणि न मानणाऱ्यांचा वाद मी आज सोडवणार नाही, माझ्या आयुष्यात तो सुटला नाही. पण कोणतीही बाजू घेतली तरी एक जबाबदारी टळत नाही. वर्ग करणाऱ्याने आपल्या वर्गांबाहेर काय राहतं याची सोय लावलीच पाहिजे, कारण ज्याचं नाव यादीत नाही त्याला आपली बाजू मांडायला तिथे तोंड नसतं.

वहिनींचे पैसे मार्चमध्ये थकबाकीसह आले. त्याच यादीत आणखी काही जणांचे रकाने रिकामे होते, तेही भरले गेले. वहिनींनी पावती अजून त्या खणातच ठेवली आहे. मी म्हटलं, आता काढून टाका. त्या म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत."

इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.